थंड दूध, गरम दूध आणि मधला पत्रा

सातारा-सांगली भागातील गावोगावचे दूध शीतकरण केंद्रात थंड करून टँकरने दुग्धालयात येते. तेथे रोगजंतू मारण्यासाठी ते ७२ अंश सेल्सियसला निदान १५ सेकंद ठेवतात. हेच पाश्चरीकरण.

तापलेल्या दुधाची उष्णता वाया का घालवायची? म्हणून पातळ पोलादी पत्र्याच्या एका बाजूने गरम दूध व दुसऱ्या बाजूने थंड कच्चे दूध उलट दिशेने वाहू देतात. दूध मिसळत नाही. उष्णता मात्र पलीकडे जाते. हा झाला उष्णता-विनिमयक.

समजा, नेहमी ८ अंशांचे दूध येते. फरक ७२ − ८ = ६४ अंश. विनिमयक त्याचा नऊ-दशांश भाग भरून काढतो असे मानू. मग दूध ८ + ५७.६ = ६५.६ अंशांना बाहेर पडेल. आता ४ अंशांचा टँकर आला, तर? ४ + ६१.२ = ६५.२. आत ४ अंशांचा बदल, बाहेर अवघा ०.४ अंशाचा!

तोही लगेच दिसत नाही. आधीचे दूध पुढे सरकावे लागते, पत्रेही निवावे लागतात. त्यामुळे तापमान हळूहळू उतरून स्थिरावते.

पण या ०.४ अंशालाही महत्त्व आहे. उरलेली उष्णता गरम पाण्याने देतात. ते तेवढेच राहिले, तर दूध ७२ अंशांपर्यंत पोहोचणार नाही. अशा वेळी झडप आपोआप वळते व दूध पुन्हा तापवायला मागे पाठवते.

६ अंशांचे दूध आले, तर? हिशेब तुम्हीच करून पाहा!