छोटा बॉक्स, हलके स्टिअरिंग?

अमेरिकेत घरी बांधल्या जाणाऱ्या हॉट रॉडमध्ये (जुन्या गाडीची वेगवान पुनर्बांधणी) १९७०च्या दशकातल्या शेव्हरले व्हेगाचा स्टिअरिंग बॉक्स आवडीने बसवतात, कारण इंजिनाशेजारच्या अरुंद जागेत तो मावतो. पण छोटा बॉक्स म्हणजे हलके स्टिअरिंग, हा समज बरोबर नाही. हलकेपणा ठरतो तो गुणोत्तरावर (चाक एक अंश वळायला स्टिअरिंग किती अंश फिरवावे लागते) आणि पिटमन आर्मच्या (बॉक्सला जोडलेला दांडा) लांबीवर. लांब पान्याने नट कमी जोरात सुटतो, पण हात जास्त फिरवावा लागतो, इथेही तसेच: आर्म आखूड असेल तर स्टिअरिंग हलके होते, पण ते जास्त फिरवावे लागते. मग आर्म शक्य तितका आखूड का घेऊ नये? कारण मग चाके पुरेशी वळतच नाहीत. शिवाय व्हेगा मुळात छोटी गाडी, तिचा बॉक्स कमी वजनासाठी बनवलेला. म्हणून अवजड इंजिन बसवणाऱ्याने पुढच्या चाकांवरचे वजन आधी मोजावे आणि बॉक्स नंतर निवडावा.