पडद्यावर ताणलेली माणसे

आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न १९८९ साली आदिलाबादेत झाले. त्या सोहळ्याची व्हिडिओ कॅसेट अनेक वर्षे कपाटात पडून होती. गेल्या वर्षी आम्ही ती एका दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि सारे घर टीव्हीपुढे बसले. पडद्यावर आमचे वडील अवतरले. पण ठेंगणे, रुंद, गाल फुगलेले. त्यांच्या पश्चात जन्मलेल्या आमच्या धाकट्या लेकीने विचारले, "बाबा, आजोबा इतके जाड होते?" ऐंशी ओलांडलेली आई बराच वेळ निरखून पाहत राहिली आणि म्हणाली, "हे कोण रे?"

त्या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो. वडिलांचे दुसरे चलत्चित्र आमच्या घरी नाही.

वस्तुतः कॅसेट नासलेली नव्हती. त्या काळच्या टीव्हीचा पडदा ४ भाग रुंद व ३ भाग उंच असे. आजचा १६ भाग रुंद व ९ भाग उंच असतो. जुने चित्र नव्या चौकटीत काठोकाठ भरण्याचा हट्ट धरला, की प्रत्येक वस्तू एकतृतीयांशाने अधिक रुंद दिसू लागते. १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' असा ताणून दाखविला, तर विष्णुपंत पागनीसांची कृश मूर्तीही स्थूल भासेल.

दोष ओळखण्यास चित्रातील एखादी गोल वस्तू शोधावी. मंडपाबाहेर एक सायकल बाजूने दिसत होती. तेथे चित्र थांबवून आम्ही पट्टीने चाक मोजले: उंची ९ सेंटिमीटर, रुंदी १२. शाळेत आम्ही मुलांना शिकवितो तेच हे प्रमाण, ४:३. निदान झाले.

प्रथम टीव्हीच्या रिमोटने चित्राचा आकार ४:३ करून पाहावा; पुष्कळदा दोष तेथेच मिटतो. 'झूम'ला मात्र भुलू नये. त्यात आकार सुधारला, तरी चित्राची पाव उंची कापली जाते. संगणकावर व्हीएलसीमध्ये 'ए' ही कळ दाबून प्रमाण बदलता येते. पण तो बदल पाहण्यापुरताच.

कायमचा उपाय फाइलमध्ये करावा लागतो. आपल्याकडील कॅसेट उतरविताना चित्र बहुधा ७२० बाय ५७६ बिंदूंचे होते. हे बिंदू चौरस नसल्याने चित्र किती रुंद दाखवावे, याची नोंद फाइलमध्ये वेगळी असते. दुकानात ती १६:९ अशी झाली होती. एफएफएमपेग या मोफत प्रोग्रामने आम्ही ती ४:३ केली. चित्र नव्याने घडवावे लागले नाही, म्हणून त्याची प्रतही तसूभर घटली नाही. चित्रच ताणून १९२० बाय १०८० असे साठविले असेल, तर मात्र ते १४४० बाय १०८० करून पुन्हा घडवावे लागते. कोणत्याही परिस्थितीत मूळ फाइल पुसू नये.

पैनगंगेच्या दक्षिणेस पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी घरांत अशा कॅसेटी अजून असतील. उतरवून घेताना "४:३ ठेवा" एवढे आवर्जून सांगावे.

त्या संध्याकाळी पुन्हा सारे जमलो. वडील दिसताच आई म्हणाली, "टोपी बघ, तश्शीच तिरकी!" लेकीला पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या खटकल्या.

"त्या राहू देत," आम्ही म्हटले. "त्या आहेत म्हणूनच आजोबा त्यांच्या अंगाने उभे आहेत."