फॉपडूडल, बॅकफ्रेंड आणि बेडप्रेसर

लंडनमध्ये १७५५ साली निघालेला सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश मी कुठूनही उघडतो आणि तासभर त्यातच अडकतो. ‘बॅकफ्रेंड’ बघा: वरवर मित्र, आतून वैरी. आपला अस्तनीतला निखाराच! ‘फॉपडूडल’ म्हणजे मूर्ख, कवडीमोलाचा माणूस. ‘बेडप्रेसर’ म्हणजे जाडजूड आळशी. खाट करकरलेली ऐकू येते की नाही?

ओट या धान्याची व्याख्या सगळ्यांत प्रसिद्ध: इंग्लंडात ते घोड्यांना घालतात, स्कॉटलंडात त्यावर माणसं जगतात. आणि जॉन्सनच्या सहा मदतनिसांपैकी पाच स्कॉटिश होते!

मला खरी भुरळ पडते ती त्याच्या कामाच्या पद्धतीची. वाचता वाचता तो हव्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढायचा, समासात त्याचं पहिलं अक्षर लिहायचा. मदतनीस ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे. नऊएक वर्षांत असे सुमारे ४२ हजार शब्द आणि लाखाच्या वर अवतरणं जमली. शब्दाचा नुसता अर्थ सांगून तो थांबत नाही, शेक्सपिअर-मिल्टनच्या वाक्यात तो शब्द चालताबोलता दाखवतो.

तुमच्या गावाकडे ‘फॉपडूडल’ला काय म्हणतात? नक्की सांगा.