गोळीही हवी, माणूसही बघायला हवा



कसबा बावड्यातल्या वस्तीत आम्ही साखर तपासत घरोघरी फिरतो, तेव्हा हल्ली 'होलिस्टिक' हा शब्द फार ऐकू येतो. शिबिर भरते, पत्रके वाटली जातात. डॉक्टर फक्त रोग बघतो, आम्ही अख्खा माणूस बघतो, म्हणून गोळ्या बंद करा आणि हा काढा घ्या, असे सांगतात. धुणी-भांडी करणाऱ्या एका मावशीने तसेच केले. काही महिन्यांनी तिच्या तळपायाची जखम नातीला दिसली. मावशीला दुखलेच नव्हते. वाढलेली साखर पायाच्या नसा बधिर करते, रक्तपुरवठाही कमी करते. काटा रुतलेला कळत नाही आणि जखम भरत नाही. मावशीचे एक बोट काढावे लागले.

"ताई, जन्मभर गोळ्या कोण खाणार वो?" असे तिने आम्हाला आधी विचारले होते. "खायच्याच," एवढे बोलून आम्ही पुढच्या दारात गेलो. तिथे आमचे चुकले.

कारण अख्खा माणूस बघण्याचा विचार खोटा नाही, तो तर आपल्याच घरचा आहे. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला मंचावर निजवले. मग भिक्खूंना सांगितले की माझी सेवा करायची असेल तर आजाऱ्याची करा. शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुणही तिथेच आहेत: औषध तयार करता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न करणे, धम्माच्या बोलण्याने मनाला उभारी देणे. (नर्सिंगच्या वर्गात आम्हाला नाइटिंगेलबाई शिकवल्या, हे कुणी सांगितले नाही.) रोग्याचेही पाच गुण आहेत. त्यात औषध घेणे आहे आणि दुखणे खरेखरे सांगणेही आहे. औषध सोडा असे कुठेही नाही.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. 1948 साली लग्न झाल्यावर डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांचे इन्सुलिन आणि पथ्य दोन्ही सांभाळले. माईंबद्दल आपल्यात पुष्कळ बरेवाईट बोलले गेले, पण ही शुश्रूषा विसरू नये.

बोट गेल्यावर आम्ही मावशीजवळ निवांत बसलो. चार घरी चार कप गोड चहा, दुपारी उपास, रात्री उरलेला भात, तुटकी चप्पल, मालक वारल्यापासून झोप नाही. हे कुठल्याच केसपेपरवर नव्हते. बिनसाखरेचा चहा मागायची तिला लाज वाटायची, ते आता सुनेने त्या घरी जाऊन सांगितले. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. दर दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी आम्हांपैकी कुणीतरी तिच्या दारात टेकते. नात रोज रात्री मोबाईलच्या उजेडात आजीचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा.

काढ्याची बाटली अजून फडताळात आहे. पैसे मोजलेत म्हणून मावशी ती टाकत नाही.