रोबोटपाशी उजवीकडे वळा!

जोहान्सबर्गमध्ये रस्ता विचारलात आणि 'रोबोटपाशी उजवीकडे वळा' असं उत्तर आलं, तर गोंधळू नका. दक्षिण आफ्रिकेत सिग्नलला रोबोट म्हणतात. हा शब्द निदान खटकतो, म्हणून माणूस पुन्हा विचारतो. खरा घोळ घालतात ते ओळखीचे शब्द. तिथला मेकॅनिक 'जस्ट नाऊ येतो' म्हणाला, तर खुशाल जेवून घ्या. 'जस्ट नाऊ' म्हणजे सवडीने, कदाचित संध्याकाळीसुद्धा. लवकर यायचं असेल तर तो 'नाऊ नाऊ' म्हणेल!

ऑस्ट्रेलियात 'थाँग्ज' पायात घालतात, त्या रबरी चपला. अमेरिकेत तेच नाव अंतर्वस्त्राचं. स्कॉटलंडमध्ये 'मेसेजेस' आणायला जातात, म्हणजे वाणसामान आणायला.

दुसऱ्या महायुद्धात एका मुद्द्यावर तातडीने चर्चा हवी म्हणून ब्रिटिश अधिकारी अमेरिकन सहकाऱ्यांना म्हणाले, 'हे टेबल करू.' अमेरिकेत 'टेबल करणं' म्हणजे विषय बाजूला ठेवणं. झाली वादावादी सुरू! दोघांनाही चर्चाच हवी होती, हे बऱ्याच वेळाने उमगलं. चर्चिल यांनी महायुद्धाच्या इतिहासात हा किस्सा नोंदवला आहे.

कोरियातला प्रसंग मात्र काळजाला घरं पाडतो. एप्रिल 1951, इमजिन नदीचा काठ. चिनी फौजांचे लोंढेच्या लोंढे चालून आलेले. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं, 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर.' ब्रिटिश लष्करी बोलीत याचा अर्थ, जिवावर बेतलंय. रॉबर्ट सूल या अमेरिकन जनरलला वाटलं, थोडी अडचण आहे, निभावून नेतील. ग्लॉस्टरशायर पलटण टेकडीवर वेढली गेली आणि तिचे बहुतेक जवान कैद झाले. एवढ्याशा 'बिट'वर किती माणसांचं नशीब टांगलेलं होतं!

आपल्याकडचं 'मी 2010 साली पास आऊट झालो' ऐकून अमेरिकन माणूस काळजीत पडतो. त्याच्या लेखी तुमची शुद्ध हरपली होती. पण हे इंग्रजी चुकीचं म्हणायला मी तयार नाही. लष्करी प्रशिक्षण संपल्यावरच्या संचलनाला ब्रिटनमध्येही 'पासिंग आऊट परेड'च म्हणतात. आणि 'प्रीपोन' तर माझा लाडका शब्द. मीटिंग अलीकडे घ्यायची तर इंग्रज 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणत बसतो, आपलं काम एका शब्दात होतं. ऑक्सफर्डच्या शब्दकोशानेही तो घेतलाय.