९१ मूळ की संयुक्त?

९१ ही संख्या भल्याभल्यांना चकवते. ती सम नाही, एककस्थानी ५ नाही, अंकांची बेरीज १० म्हणून ३ नेही भाग जात नाही. मूळच असणार, असं वाटतं. पण ७ ने भागून बघा: भागाकार १३, बाकी शून्य.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः एवढेच दोन विभाजक, ती मूळ. दोनांहून जास्त असतील तर संयुक्त. १ ला एकच विभाजक आहे, म्हणून तो दोन्हींत बसत नाही.

आता ९७ घ्या. मुलं ११, १३, १७ असं भागतच सुटतात आणि कंटाळतात. त्याची गरजच नाही. ९७ चे दोन अवयव असते आणि दोन्ही १० किंवा त्याहून मोठे असते, तर गुणाकार १०० च्या खाली आलाच नसता. म्हणजे एक अवयव १० पेक्षा लहान हवाच. २, ३, ५, ७ तपासले की काम संपलं. ७ ने भागल्यावर बाकी ६ उरते, ९७ मूळ. हे कारण वर्गात सांगायलाच हवं, नुसता नियम नको.

प्रचंड मोठ्या संख्यांना मात्र ही रीत पुरत नाही. त्यांच्यासाठी २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी खात्रीची, तत्त्वतः जलद पद्धत शोधली.

घरी ११९ आणि १२७ तपासून पाहा. ११ च्या पुढे जावं लागणार नाही.