डोक्यावरची तार : शेतमाल वाहतुकीतील टाळता येणारे अपघात

तमिळनाडूतील तंजावरजवळच्या कालिमेडू येथे २७ एप्रिल २०२२ रोजी पहाटे मंदिराच्या उत्सवरथाचा माथा उच्चदाब वीजवाहिनीला लागला. या दुर्घटनेत ११ जणांचा मृत्यू झाला. मृतांत मुलांचाही समावेश होता. त्याआधी सव्वा वर्ष, जानेवारी २०२१ मध्ये, याच जिल्ह्यातील वरगूर येथे रस्त्याच्या कडेला गेलेल्या खासगी बसचा विजेच्या तारेला स्पर्श होऊन प्रवाशांचे बळी गेले होते. रथ आणि बस ही शेतीची वाहने नव्हेत. तथापि, वाहन आणि तार यांतील अपुरे अंतर हे दोन्ही घटनांचे समान कारण होते आणि पेंढा, ऊस किंवा कापणी यंत्र वाहून नेणाऱ्या ट्रकसमोर हाच धोका प्रत्येक हंगामात उभा असतो.

कालव्याकाठचे रस्ते

तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचा जिल्हा आहे. अडुतुरै येथील भात संशोधन संस्थाही याच जिल्ह्यात आहे. कुरुवै हंगामाची कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तर सांबा हंगामाची जानेवारी-फेब्रुवारीत होते. या काळात धान्य खरेदी केंद्रांकडे जाणारे ट्रक, पेंढ्याच्या गाड्या आणि एका गावातून दुसऱ्या गावात नेली जाणारी कापणी यंत्रे यांची वर्दळ वाढते. चिखलात चालणारी साखळीपट्ट्याची यंत्रे रस्त्यावरून स्वतः फारशी धावत नाहीत. ती ट्रकवर चढवून न्यावी लागतात. साहजिकच यंत्राच्या उंचीत ट्रकच्या हौद्याची उंची मिळवली जाते. कालव्याच्या बांधावरील रस्ता अरुंद, कडा पावसाने मऊ झालेली आणि प्रवास बहुधा रात्रीचा. समोरच्या वाहनाला वाट देताना ट्रक एका बाजूला कलला, तर बाजूची तार अनपेक्षितपणे जवळ येते.

महाराष्ट्रातील परिस्थिती वेगळी नाही. विदर्भ व कोकणातील पेंढ्याच्या गाड्या, मराठवाड्यातील कडब्याने लादलेले ट्रक आणि कारखान्याकडे निघालेली उसाची वाहने शेतरस्त्यावरील तारांखालूनच बाहेर पडतात.

चार मीटरचे गणित

मोटार वाहन नियमांतील २०२० च्या सुधारणेनुसार सर्वसाधारण मालवाहू वाहनाची कमाल उंची ४ मीटर आहे. वीज सुरक्षा नियमांनुसार ११ किलोव्होल्टची उघडी तार रस्ता ओलांडत असेल तेथे जमिनीपासून किमान ६.१ मीटर, तर रस्त्याला समांतर असेल तेथे किमान ५.८ मीटर उंच असावी लागते. रस्ता सोडून इतरत्र, म्हणजे शेतातही, ही मर्यादा ४.६ मीटरपर्यंत खाली येते. म्हणजेच सर्व नियम पाळले गेले, तरी शेतात उभ्या असलेल्या पूर्ण उंचीच्या ट्रकवर जेमतेम ६० सेंटिमीटर जागा उरते. भारावर उभा राहून दोर आवळणाऱ्या मजुराचे डोके या तारेच्या वर जाते.

प्रत्यक्षात तारांना झोळ पडतो, खांब कलतात आणि मुरूम किंवा डांबराचे नवे थर पडून रस्ता उंच होतो. मागच्या वर्षी सुरक्षित असलेली वाट यंदा सुरक्षित असेलच असे नाही. टिपरचा हौदा उचलला असता किंवा कापणी यंत्राची धान्य सोडणारी नळी वर केली असता उंची आणखी वाढते. त्यामुळे या क्रिया तारेखाली कधीही करू नयेत. भरणी व उतरणीची जागा तारेपासून दूर निवडावी.

तार लागलीच तर

तारेच्या स्पर्शाने वाहनाचा सांगाडा विद्युतभारित होतो. केबिनमधील चालक बाहेर पडताना एक पाय जमिनीवर आणि हात दारावर ठेवतो, त्या क्षणी प्रवाह त्याच्या शरीरातून जमिनीत जातो. म्हणून आग लागलेली नसल्यास चालकाने आतच बसून राहावे आणि जवळ येणाऱ्यांना ओरडून दूर ठेवावे. आगीमुळे बाहेर पडणे अटळ असल्यास दोन्ही पाय जुळवून, वाहनाला स्पर्श न करता उडी मारावी आणि पाय जुळलेलेच ठेवून छोट्या उड्यांनी किमान दहा मीटर दूर जावे. मोठी पावले टाकल्यास दोन पायांखालील जमिनीतील विद्युतदाबाच्या फरकामुळेही झटका बसतो.

मदतीस धावणाऱ्यांनी बांबूने तार उचलण्याचा प्रयत्न करू नये. उच्चदाबापुढे ओला बांबू संरक्षण देत नाही. खंडित झालेला पुरवठा पुन्हा सुरू होऊ शकतो. वीज बंद केल्याची खात्री वीज कंपनीकडून होईपर्यंत वाहनाला हात लावू नये. वीज तक्रारीसाठी १९१२, आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक केबिनमध्ये चिकटवावेत.

हंगामापूर्वी करावयाची कामे

- विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील वाहतुकीच्या वाटांची पाहणी करून झोळ पडलेल्या तारांची यादी वीज कंपनीकडे लेखी द्यावी.
- तारेची उंची काठी लावून मोजू नये. ती मोजण्याचे काम वीज कर्मचाऱ्यांवरच सोपवावे.
- भरलेल्या वाहनाची उंची निघण्यापूर्वी मोजून केबिनमध्ये लिहून ठेवावी.
- भारावर मजूर बसवू नयेत.
- कापणी यंत्र भाड्याने आणणाऱ्या शेतकऱ्याने शेतातील तारा परगावच्या चालकाला दिवसाउजेडी दाखवाव्यात.

परक्या गावात रात्री पोहोचणाऱ्या चालकाला तेथील तारा ठाऊक नसतात. त्या शेतकऱ्याला ठाऊक असतात. ही माहिती वेळेवर चालकापर्यंत पोहोचवणे हा कापणीच्या नियोजनाचाच भाग मानला पाहिजे.